एकेचाळिसावं पत्र

नेरूरकरांची आणि माझी ओळख एका ओल्या डागामुळे झाली. ब्याण्णव साली आम्ही मस्कतला अल् खुवैरच्या त्या चार मजली इमारतीत राहायला आलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात दारात एक सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ उभे राहिले. हातात ट्रेसिंग पेपरची सुरळी. "मी खालचा नेरूरकर," म्हणाले, आणि आत न येता उंबऱ्यावरच त्यांनी ती उलगडली. माझ्या स्वयंपाकघराच्या बेसिनखालून त्यांच्या छतावर उतरलेल्या ओलीचा तो नकाशा होता. शनिवारी ओल कुठवर होती, रविवारी कुठवर, सोमवारी कुठवर, हे तीन निरनिराळ्या तुटक रेषांनी दाखवलेलं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा होता. भांडायला आलेला माणूस इतक्या तयारीनं येतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"भांडायला नाही आलो," माझं तोंड बघून ते म्हणाले. "पण गुरुवारपर्यंत ही रेघ कपाटावर पोचेल. कपाटात पणजोबा आहेत."

मला वाटलं, अस्थी असतील. आमच्या ह्यांना तर वेडाचा संशय आला. संध्याकाळच्या आत आम्ही प्लंबर बोलावला.

पणजोबा म्हणजे सात पुस्तकं आणि एकेचाळीस पत्रं. वेंगुर्ल्याकडचा एक शाळामास्तर, राणीच्या राज्यातला. त्यानं दोन पुस्तकं लिहिली. एक गलबतावरच्या प्रवासाचं आणि दुसरं एका विधवेच्या कहाणीचं. दोन्ही छापली गेली, थोडी वाचली गेली आणि सगळे विसरून गेले. त्यानंतर तो तीस वर्षं जगला आणि त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हे नेरूरकरांना हवं होतं. दुसरी कुठलीही हाव मी त्या माणसात पाहिली नाही.

त्या सात पुस्तकांत दोन त्याची स्वतःची आणि पाच दुसऱ्यांची, विकत घेऊन पाठवलेली. सगळी एकाच व्यक्तीला. बेळगावकडे दिलेल्या मुलीला. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ठसठशीत बाळबोध अक्षरात एकच मजकूर: 'चि. सौ. द्वारकेस. वाचून कळव.' आशीर्वाद नाहीत, तारीख नाही. लेकीनं वाचावं आणि काय वाटलं ते लिहावं, एवढंच त्या बापाचं म्हणणं. त्या काळात मुलीला वाचायला शिकवलं म्हणून गावानं त्याला काय काय ऐकवलं असेल ते आपण समजू शकतो. पत्रंही बहुतेक तिलाच लिहिलेली. ती मात्र सगळी मोडी लिपीत.

नेरूरकर एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. रस्ते, गटारं, पुलांचे खांब काढायचे. त्यांचं अक्षर असं की भाजीची यादीसुद्धा फ्रेम करून लावावी. पुढं कॉम्प्युटर आले, तरुण पोरं आली, आणि यांच्याकडे नकाशे घड्या घालून फाइलला लावण्याचं काम राहिलं. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मोडी मात्र ते इथं मस्कतमध्ये शिकले, वयाच्या पंचेचाळिशीत, कुणाकडून तरी मागवलेल्या एका जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्सवरून. "मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि मग तिला अक्षरं टांगतात," ते मला कौतुकानं सांगायचे. "बाई, हे आमच्याच धंद्यातलं आहे. आधी रेघ, मग बाकीचं." मी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायचे म्हणून मी बाई. मला नाव आहे हे त्यांना पंधरा वर्षांत कळलं की नाही, शंका आहे.

शुक्रवार सकाळ हा पत्राचा वार. नेरूरकर अंघोळ करून धुतलेला लेंगा-सदरा घालत, टेबलावर पांढरं फडकं अंथरत आणि एक पत्र काढत. सोप्या पत्राच्या तीन-चार ओळी, अवघड पत्राची एकच. ओळ लागली की मोठ्यानं वाचायची आणि लगेच वहीत बाळबोधीत उतरवायची. पुढच्या ओळीकडे डोकावायचं नाही. "घाई केली की अक्षर बिघडतं," हे त्यांचं ब्रीद होतं. मी म्हटलं, अहो, अक्षर त्यांचं आहे, ते शंभर वर्षांपूर्वीच लिहून झालंय, तुमच्या घाईनं कसं बिघडेल? तर म्हणाले, "माझं बिघडेल ना, बाई." झेरॉक्स काढायचीही सोय नव्हती. त्या उजेडानं शाई उडते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आम्ही मराठी मंडळी सुरुवातीला शुक्रवारी त्यांच्याकडे जायचो, त्यांच्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या घावन-चटणीसाठी. दोन वर्षांत गळती लागली. तासभर बसायचं आणि शेवटी 'आंबे पोचले की नाही ते लिहिणे' एवढं ऐकून घरी यायचं, हे कुणाला परवडणार? आमचे हे तर नेरूरकरांचा आवाज जिन्यात आला की झोपेचं सोंग घ्यायचे. मी जात राहिले. वाङ्मयाची ओढ वगैरे काही नव्हती. माझ्या बेसिननं त्यांना एकदा घाबरवलं होतं, त्याची ती भरपाई होती.

एकदा त्यांचे ब्रिटिश साहेब आले होते, मदिनत सुलतान काबूस या साहेबांच्या वस्तीतून, बायकोला आणि फुलांना घेऊन. नेरूरकरांनी ऑफिसात सांगितलं होतं की माझे पणजोबा व्हिक्टोरियन रायटर होते. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं आणि चेहरा तसाच ठेवून पानं उलटत राहिले. "मराठी, सर," नेरूरकर म्हणाले. "ऑफ कोर्स," साहेब म्हणाले. चार घावनं खाल्ली आणि चार वेळा 'फॅसिनेटिंग' म्हणाले. निघताना दारात त्यांनी विचारलं, तुमचे पणजोबा कुणाला ओळखत होते का? म्हणजे कुणा मोठ्या माणसाला. नेरूरकरांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "येस सर. हिज डॉटर."

त्यांचा खरा श्रोता एकच, सालिम. ऑफिसचा ओमानी ड्रायव्हर, बरका गावचा. शुक्रवारी नमाजाच्या आधी कधी लिंबं, कधी मासळी घेऊन यायचा आणि जमिनीवर मांडी घालून बसायचा. मराठीचा गंध नाही, पण हिंदी फर्डं. "आज बुड्ढा क्या बोला?" असं विचारायचा. नेरूरकर सांगायचे, आंबे पाठवलेत, मिळाले का विचारतोय. "फिर? मिला के नहीं मिला?" "ते पुढच्या पत्रात." सालिम अस्वस्थ व्हायचा. पुढच्या शुक्रवारी दारातूनच, "आम मिला?" आंबे मिळाल्याचं चौथ्या पत्रात आलं तेव्हा सालिमनं "अल्हम्दुलिल्ला!" म्हणून मांडीवर थाप मारली. आम्ही सगळे हसलो. पण द्वारकेचे आंबे पोचल्याचा आनंद शंभर वर्षांत तेवढा एकाच माणसाला झाला असेल.

नेरूरकरांना तसा आनंद व्हायला हवा होता तो केतकीला. केतकी त्यांची एकुलती एक, माझ्या वर्गात होती. हुशार, गोड मुलगी. इथल्या सगळ्या मुलांसारखीच आपसात इंग्रजी बोलायची आणि मराठी अडखळत. दर वाढदिवसाला नेरूरकर तिला एक मराठी पुस्तक द्यायचे आणि पहिल्या पानावर त्यांच्या त्या देखण्या अक्षरात लिहायचे, 'चि. केतकीस. वाचून कळव.' ती त्यांच्या गळ्यात पडायची. "बाबा, इट्स लव्हली. मी व्हेकेशनमध्ये वाचते, प्रॉमिस." तिच्या खोलीत ती पुस्तकं ओळीनं, उंचीप्रमाणे लावलेली असत. तिचं लग्न झाल्यावर मी त्यातलं एक सहज उघडलं, तर मधली पानं एकमेकांना चिकटलेली, जशी छापखान्यातून आली तशी. मी ते होतं तसं परत ठेवून दिलं. तिनं कधी काही कळवलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

एक सांगायचं राहिलं. अडतिसाव्या पत्रात मास्तरांनी द्वारकेला लिहिलं होतं की तिसरं पुस्तक निम्मं झालं, नाव तुला आवडेल. ते वाचलं त्या दिवशी नेरूरकरांनी ती ओळ वहीत दोनदा उतरवली. तिसरं पुस्तक! ते कधी छापलं गेलंच नव्हतं. एकोणचाळीस आणि चाळीस ही पत्रं घरगुती निघाली. राहिलं एकेचाळिसावं. ते मुलीला नव्हतं, सावंतवाडीच्या धाकट्या भावाला होतं. शाई फिकी, अक्षर गिचमिड, एकोणीस ओळी. त्याच्या वर 'श्री' नव्हतं. बाकी चाळीस पत्रांवर होतं. "घाईत असतील," नेरूरकर म्हणाले. "बघा बाई, यात तिसऱ्या पुस्तकाचं असणार. भावालाच सांगितलं असणार." हे दोन हजार चार साल, आणि केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नेरूरकर म्हणायचे, बाळ होईपर्यंत पत्र संपेल, मग मी केतकीला सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन. गोष्ट म्हटल्यावर ती ऐकेल.

पहिल्या शुक्रवारी पहिली ओळ. भावाचं नाव आणि नमस्कार. दुसऱ्या शुक्रवारी दुसरी. पाऊस फार आहे, होड्या बंद आहेत, म्हणून पत्रास उशीर. तिसऱ्या शुक्रवारी मी त्यांच्या समोर बसले होते, पत्र माझ्या बाजूनं उलटं. वहिनी घावनं घेऊन दारात उभ्या होत्या. केतकी आतल्या खोलीत पाय वर करून पडली होती, भरल्या दिवसांची. नेरूरकरांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचलं, "चिरंजीव... द्वारका... प्रसूत होऊन... तिसरे दिवशी..." आणि पुढचा शब्द त्यांनी वाचला आणि मग तो त्यांना कळला.

वहिनींनी ताटली खाली ठेवली नाही, टाकली. "आधी फाडा ता! पोर भरल्या दिवसांची आसा घरात!" एरवी माझ्यासमोर पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई एकदम गावच्या झाल्या. "वर श्री नाय, ता मी पयल्या दिवशीच बघितलंय. तेव्हाच बोलाक होया होतं माका."

आपल्याकडे मरणाचं पत्र वाचलं की लगेच फाडतात. घरात ठेवत नाहीत. अशा पत्रावर श्री लिहीत नाहीत. हे लहानपणापासून मलाही ठाऊक होतं आणि नेरूरकरांनाही ठाऊक असणारच. पण ते पणजोबांच्या पत्राकडे पत्र म्हणून बघतच नव्हते. मोडी न येणाऱ्या वहिनींना जे पहिल्या दिवशी कळलं ते यांना तीन शुक्रवारांत कळलं नाही.

वहिनींनी कागद उचलला. नेरूरकर उठेपर्यंत त्याचे दोन तुकडे झाले होते, मग चार. त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि बेसिनमध्ये टाकून त्यांनी नळ सोडला. मी त्यांच्या मागोमाग गेले होते. माझा हात त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. वहिनी, सव्वाशे वर्षं झाली हो त्या मुलीला जाऊन, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. आत केतकी विचारत होती, "आई, व्हॉट हॅपन्ड?" आणि मला माझी धाकटी लेक दिसत होती, तिला तेव्हा दिवस जाऊन चार महिने झाले होते. मी नळाखाली शाई निळसर होऊन पसरताना पाहत उभी राहिले. नंतर कागदाचा लगदा झाला. वहिनी अंघोळीला गेल्या. मी वर आले आणि डोक्यावरून अंघोळ केली. हे मी नेरूरकरांना कधी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी केतकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्यामुळे वहिनींना कुणी काही बोलू शकेल अशी सोयच राहिली नाही. त्या दिवशी वहिनी अंघोळ करून आल्यावर नेरूरकरांनी फक्त म्हटलं होतं, "बरोबर केलंस."

मला मात्र राहून राहून दोन गोष्टींचा राग येत होता. एक म्हणजे मुलीला दिलेली पुस्तकं बापाच्या घरी परत कशी आली, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. ती तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आली, असं नेरूरकर अभिमानानं सांगायचे. ट्रंक का आली? बाई गणिताच्या आणि एवढं सरळ उत्तर दिसलं नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की सावंतवाडीच्या त्या धाकट्या भावानं ते पत्र फाडलं नव्हतं. फाडायला हवं होतं, रीत होती, घरातल्या बायका मागं लागल्या असतील. तरी त्यानं ते कुठंतरी दडवून ठेवलं. का, ते त्या सोळा ओळींतच असणार.

एकदा धीर करून मी म्हटलं, "भाऊजी, कारण तर कळलं. लेक गेली म्हणून त्यांनी लिहिणं सोडलं."

"कारण कळलं, बाई," ते म्हणाले. "पण त्यांनी काय लिहिलं ते नाही कळलं." मग म्हणाले, "घाई केली असती तर बरं झालं असतं."

शुक्रवार बंद झाले. सालिम दोन-चार वेळा आला. "बुड्ढे का क्या हुआ?" त्यानं विचारलं. नेरूरकर म्हणाले, "खलास." सालिम लिंबं ठेवून गेला.

त्यानंतर नेरूरकरांनी पुस्तकांसाठी कुणीतरी वाली शोधायचा प्रयत्न केला. महाराष्ट्रातल्या दोन संस्थांना आणि एका ग्रंथालयाला पत्रं लिहिली. एकीनं उत्तर दिलं नाही. दुसरीनं लेखकाचं नाव आमच्या यादीत आढळत नाही असं कळवलं. ग्रंथालयानं म्हटलं की देणगीचा स्वीकार करू, पण जतन करायला माणूस नाही. केतकी कॅनडाहून फोनवर म्हणाली, "बाबा, मी घेतली असती, पण इथं कोण वाचणार? मला मोडी सोड, मराठीच नीट येत नाही." खरं बोलणाऱ्या मुलीवर रागावणार तरी कसं? शेवटी सगळं एका पेटीत भरून कुडाळला मेव्हण्याच्या माळ्यावर गेलं. पुढं नेरूरकर वारले, आणि त्यानंतर वर्षभरानं वहिनींनी मला फोनवर सांगितलं की पेटी उघडली तर आत वाळवीनं काही ठेवलेलं नाही. त्या रडत होत्या. "पहिलं पत्र माझ्याच हातून गेलं, बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो. दुसरं काय म्हणणार?

मी नेरूरकरांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार आठ साली, ते मस्कत सोडून गेले त्या दिवशी सकाळी. सामान गेलं होतं. वहिनी शेजारणींचा निरोप घेत फिरत होत्या. मी डबा द्यायला खाली गेले तर रिकाम्या खोलीत एक खुर्ची, तिच्यावर नेरूरकर आणि मांडीवर ती वही. छतावर माझ्या बेसिनचा जुना डाग पुसट दिसत होता. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. शेवटचं पान होतं. वर लिहिलेलं, 'पत्र एकेचाळिसावे.' खाली पहिल्या तीन ओळी. आणि त्याखाली पट्टीनं मारलेल्या सोळा रेघा, समासात आकडे घातलेल्या, चारपासून एकोणीसपर्यंत. आधी रेघ, मग बाकीचं. चार वर्षं त्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या.

"बाई, तुम्ही समोर बसला होतात," ते म्हणाले. "तुम्हाला काही दिसलं होतं का?"

मला मोडी येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पत्र उलटं होतं हेही. तरी ते विचारत होते, आणि पेनचं टोपण काढून बसले होते. मला रिकाम्या हातानं परत जाववेना.

"शेवटी शाई पसरली होती," मी म्हटलं.

"शेवटच्या ओळीत?"

"हो."

त्यांनी एकोणिसाव्या रेघेखाली, जराही घाई न करता, लिहिलं: 'येथे शाई पसरली आहे.' "रडले असतील," म्हणाले. मग बोट वर सरकवून अठराव्या आकड्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि इथं?"

शाई पसरलेली मी पाहिली होती ती बेसिनमध्ये, नळ सोडल्यावर. मी म्हटलं, आठवत नाही. ते पेन उघडंच धरून बसून राहिले.